हर्लिंगवरची माझी आवडती पाच पुस्तकं

८ सप्टेंबर, सोमवार
आज डर्मटशी मैत्री झाली. डर्मट म्हणजे माझा बॉस. आयरिश. डार्विनला येऊन दोन वर्षं होत आली, तरी आमचं संभाषण 'हाऊ यू गोइंग' आणि 'हॉट इनफ फॉर यू?' यापुढे कधी सरकलं नव्हतं. ऑफिसात मला कुणी घरी बोलवत नाही. बायकोला, मितालीला, तिच्या हॉस्पिटलातले सगळे बोलावतात. ती फिजिओ आहे. लोकांच्या मानपाठीला हात लावला की मैत्री होतेच. माझ्या स्प्रेडशीटने कुणाची पाठ बरी होत नाही.

तर लंचरूममध्ये डर्मट फोनवर मॅच बघत होता. तीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात उलथन्यासारखी लाकडी काठी, आणि नुसती मारामारी. मी म्हणालो, 'आह, हर्लिंग!' स्क्रीनवर खाली लिहिलेलं होतं. त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं माझ्या तोंडून आपोआप गेलं. खेळायचा योग नाही आला, म्हणालो, पण वाचलंय पुष्कळ. त्याने विचारलं, आवडतं पुस्तक कोणतं? म्हणालो, एकच सांगणं अवघड आहे. यात खोटं काहीही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
डर्मटने पिशवी आणून दिली. पाच पुस्तकं, एक काठी आणि एक चेंडू. पुस्तकं त्याच्या वडिलांची. ते गेले, तेव्हा भावाने बोटीने पाठवली. डर्मटला अजून उघडवलेली नाहीत. म्हणाला, ही कुणीतरी वाचणाऱ्या माणसाने वाचावीत.

शिवाय ४ ऑक्टोबरला आयरिश क्लबात कार्यक्रम आहे. गेलिक फुटबॉल (हाही त्यांचाच एक खेळ) आणि हर्लिंगवरची आवडती पुस्तकं, या विषयावर मी बोलायचं. हो म्हणालो. वेळ भरपूर आहे. मी कॉलेजात एका रात्रीत थर्मोडायनॅमिक्स केलेला माणूस आहे. विषय राहिला होता ती गोष्ट वेगळी.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून वाचन. घरी सांगितलं. मिताली म्हणाली, 'तू? पुस्तक?' पण तिचा सूर बदलला होता. पिशवीतलं एकेक पुस्तक काढून बघत बसली.

१० सप्टेंबर, बुधवार
पहाटे जाग आली नाही. गजर ऐनवेळी दगा देतो.

१३ सप्टेंबर, शनिवार
आज बैठक मारली. प्रथम पुस्तकांचा सर्वांगीण अभ्यास. तीन हर्लिंगची, दोन गेलिक फुटबॉलची. एक जाडं, त्यात फक्त स्कोअर आहेत. ते वाचायचं नसतं, बाळगायचं असतं. एकात सगळे मिशीवाले लोक हाताची घडी घालून उभे. एका कोचचं आत्मचरित्र, मुखपृष्ठावर तो ओरडतोय. एकात नकाशे. आणि एक पातळ निळी कादंबरी: पावसात पाठमोरा उभा गोलकीपर. पातळ असल्याने तिच्यापासून सुरुवात केली.

गाव, पाऊस, गाय. परत पाऊस. गोलकीपरचं हार्डवेअरचं दुकान. मधेच मयूरा येऊन म्हणाली, 'डॅड, यू आर लिटरली स्नोरिंग.' चौदा वर्षांच्या मुलीला चिंतन आणि झोप यातला फरक कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
विचारांती असं लक्षात आलं की खेळाचं पुस्तक आधी हाताला कळावं लागतं, मग डोक्याला. म्हणून कारपोर्टमध्ये काठी घेऊन उतरलो. लहानपणी पर्वतीच्या पायथ्याशी विटीदांडूत माझा हात कोण धरत होतं? चेंडू हवेत उडवायचा आणि टोलवायचा, एवढाच प्रकार आहे.

चेंडू हवेत राहिला, काठी गुडघ्यावर बसली.

मितालीने बर्फ बांधला. म्हणाली, काठी चुकीची धरली होतीस, वजन मागच्या पायावर हवं. मग स्वतः उचलून दाखवली. पहिल्याच टोल्यात चेंडू कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या आंब्यात. नवशिक्यांना असं नशीब लाभतं. मी तिला तसं म्हणालोही, हतोत्साह होऊ नये म्हणून.

गुडघा दुखत असताना वाचनात मन लागत नाही. वैद्यकीय कारण.

२१ सप्टेंबर, रविवार
निळं पुस्तक सापडेना. मिताली म्हणाली, तिच्या बॅगेत आहे, लंचब्रेकमध्ये वाचते. तुला एवढं काय आवडलं ते बघावंसं वाटलं, म्हणाली. मला बरं वाटलं. घरात वाचनसंस्कृती रुजतेय.

तिने विचारलं, 'तो दुकानात मुद्दाम गिऱ्हाइकांकडे पाठ करून उभा राहतो, ते तुला कसं वाटलं?' मी म्हणालो, खोल आहे. ती वाट बघत राहिली. मी म्हणालो, खूपच खोल आहे. मग वरणाला फोडणी द्यायची होती म्हणून उठलो. फोडणी दिलेली होती. परत दिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
बिल्डअप सुरू झालाय. आभाळ दिवसभर दाटून येतं आणि पडत काहीच नाही, नुसता घाम. अशा हवेत माणूस जिवंत राहतो हेच पुष्कळ, वाचणार कुठून? आयरिश लोकांनी ही पुस्तकं थंडीत लिहिली, थंडीत वाचण्यासाठी. हा मुद्दा भाषणात घेता येईल.

डर्मटने ऑफिसात सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवून विचारलं, कुठवर आलं? म्हणालो, मी आता पुस्तकांच्या आत आहे. तो म्हणाला, 'गुड ऑन यू, मेट.' कार्यक्रमानंतर रविवारी घरी जेवायला बोलावलंय. सहकुटुंब! कॅसल हिलला राहणाऱ्या पद्माकरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आम्ही तर दर रविवारी कुणाच्या तरी घरी असतो. पद्माकर माझा मावसभाऊ. लहानपणापासूनच असा आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी निर्धार केला की आज सुट्टी टाकून पाचही पुस्तकांचा फडशा पाडायचा. सुट्टी टाकली. पण मितालीने पाटावर सरस्वती काढली आणि पाचही पुस्तकं पूजेला मांडली. वर काठीही ठेवली, शस्त्र म्हणून. पूजेतलं पुस्तक वाचायचं नसतं. धर्माचं काम, आपण काय बोलणार.

मिताली म्हणाली, 'माझं काल संपलं. शेवट वाचून हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये रडले. तुला काय वाटलं शेवटाचं?' म्हणालो, आज नको, भाषणात ऐक. ती हसली. लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि तू मला पहिल्यांदा काहीतरी वाचायला लावलंस, म्हणाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पुस्तकांच्या मागच्या कव्हरवर सगळं असतं. सगळं! उगाच लोक आत शिरतात. निळ्याच्या मागे लिहिलंय: एक गोलकीपर, एक फायनल, आणि चाळीस वर्षांचं मौन. यावरून शेवट काय असणार ते शेंबडं पोरही सांगेल. मयूराला विचारलं. ती म्हणाली, 'आय डोन्ट नो, डॅड, रीड इट?' आजकालच्या मुलांना कल्पनाशक्ती नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
जिंकलो!!

हॉल भरलेला. चाळीसेक आयरिश, दोन पंखे. मी कुर्ता घातला होता. जाड्या पुस्तकाबद्दल म्हणालो की त्यात एका जमातीच्या हृदयाचे ठोके आकड्यांत मोजलेत. टाळ्या. मिशीवाल्यांबद्दल म्हणालो की मिशा जातात, माणसं राहतात. टाळ्या. ओरडणाऱ्या कोचवर हशा. नकाशे गुंडाळले. आणि मग निळी कादंबरी. आवाज खाली आणला. म्हणालो, चाळीस वर्षं हा माणूस गप्प राहतो, आणि शेवटच्या पानावर सगळं गाव त्याला खांद्यावर घेतं आणि त्याच्या म्हाताऱ्या हातात कप येतो. पहिल्या रांगेत डर्मट डोळे पुसत होता. वडिलांना हेच पुस्तक सगळ्यात जवळचं होतं, म्हणाला.

क्लबची सेक्रेटरी नोरीन, सत्तरीची, ताठ बाई. तिने मितालीला विचारलं, तू वाचलंयस का हे, लव्ह? मितालीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, 'ही टेल्स इट बेटर.' बायकोने भर सभेत कबूल केलं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

नोरीनने पुस्तक तिथल्या तिथे वाचायला मागून घेतलं. म्हणाली, तू ओढच लावलीस. वक्तृत्व म्हणतात ते हे.

येताना मितालीने गाडीची काच खाली करून तोंड बाहेर वळवलं. उकाडा फार.

५ ऑक्टोबर, रविवार
डर्मटकडे जेवण. कोकरू आणि बटाटे, बटाट्यांच्या जोडीला आणखी बटाटे. डर्मटने वडिलांचा फोटो दाखवला. म्हणाला, एवढी वर्षं वाटायचं, बाबांची पुस्तकं वाया गेली. काल वाटलं, नाही गेली.

मिताली पाणी आणायला उठली ती बराच वेळ आत होती. घरी आल्यावरही तिने मला शेवटाबद्दल काही विचारलं नाही. विषय संपला वाटतं. हुश्श.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नोरीन फार वेगाने वाचते. या वयात डोळ्यांना इतका ताण देऊ नये.

संध्याकाळी तिचा फोन आला. मितालीने उचलला. मी फ्रीजमागे उभा होतो. योगायोगाने. मिताली नुसती हो, हो म्हणत होती. मग म्हणाली, 'नो, ही डिडन्ट.' फोन ठेवला आणि भाजी चिरायला लागली. मी म्हणालो, साहित्यात अर्थ लावण्याचं स्वातंत्र्य असतं. ती म्हणाली, 'नंदू, कप नाहीच त्या पुस्तकात. कुठेच नाही.' ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.

चिरता चिरता म्हणाली, 'मी तुझ्याशी बोलायला म्हणून वाचलं रे.'

मी म्हणालो, मग बोलू की. ती म्हणाली, कशाबद्दल?

१४ ऑक्टोबर, मंगळवार
डर्मटला नोरीनने सांगितलंच असणार. लंचरूममध्ये मी खुलासा तयार ठेवला होता: गुडघा, बिल्डअप, दसरा. त्याने हात वर केला. 'नो वरीज, मेट,' म्हणाला. या देशात हे वाक्य फार दूरवरून म्हणता येतं. मग म्हणाला, चार पुस्तकं परत दे, सावकाश. निळं नोरीनकडून येईल तेव्हा. आता मीच वाचतो.

जेवण त्याने स्वतःच्या टेबलावर केलं. काम असेल.

१९ ऑक्टोबर, रविवार
क्लबात वाचनमंडळ सुरू झालं. नोरीनची कल्पना. प्रमुख वक्त्या: मिताली. मला चहाच्या टेबलावर ठेवलं होतं. मनुष्यबळाचा हा अपव्यय आहे, पण बोललो नाही. ती दुकानाबद्दल बोलत होती, तो पाठ का करतो त्याबद्दल, आणि सगळे पुढे वाकून ऐकत होते. डर्मटही. तिने टाळीसाठी एकही वाक्य टाकलं नाही, तरी कुणी चहाला उठलं नाही. चहा गार झाला. माझी चूक नव्हती.

शिवाय बायकांच्या हर्लिंग टीमने तिला ओढलंय. मंडळानंतर क्लबच्या अंगणात तिने मारलेला टोला कुणीतरी पाहिला म्हणे. सराव रविवारी संध्याकाळी.

२६ ऑक्टोबर, रविवार
मितालीला सरावाला सोडलं. मी गाडीतच थांबलो, एसी लावून; गुडघ्याला दमट हवा सोसत नाही. मैदानावर डर्मट आणि दोघं-तिघं काठ्या वाटत होते. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

मागच्या सीटवर निळं पुस्तक. नोरीनने परत दिलेलं, डर्मटला द्यायचं होतं. फोनची बॅटरी संपली होती, म्हणून उघडलं. केवळ म्हणून.

फायनलचा शेवटचा क्षण. चेंडू गोलकीपरजवळून जातो. खांबापाशी पांढऱ्या कोटातला पंच हिरवा झेंडा हलवतो, म्हणजे गोल. गाव हरतं. पुढे कुणी त्याला तोंडावर काही म्हणत नाही, फक्त खिळे घ्यायला दुसऱ्या गावी जातात. तो म्हातारा होतो. एक दिवस दुकानात समोरच्या टीममधला, तो चेंडू मारणारा येतो. तोही म्हातारा. म्हणतो, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता, मला दिसलं होतं. गोलकीपर म्हणतो, मलाही. मग बोलला का नाहीस? तर झेंडा हलवणारा गोलकीपरचा सासरा होता. नजर गेलेली, आणि जावयाशिवाय घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या गावासमोर त्याला आंधळा कसं म्हणायचं? बायको पहिल्या रांगेत बसली होती.

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. ते पान पुन्हा वाचलं. डोळ्यांत घाम गेला होता. एसी चालू होता, तरी.

तेवढ्यात एसी बंद पडला. इंजिन बंद ठेवून लावला होता, त्यामुळे गाडीची बॅटरी बसली. सराव संपल्यावर सगळी टीम ढकलायला आली. डर्मट मागे, नोरीन हुकूम देतेय, मी स्टिअरिंगवर. डर्मटने खिडकीतून विचारलं, एवढा वेळ आत काय करत होतास? म्हणालो, वाचत होतो. सगळे जाम हसले. मनापासून. बऱ्याच दिवसांनी डर्मट माझ्याकडे बघून हसला, तेव्हा मीही हसलो.

गाडी सुरू झाली. मिताली शेजारी बसली, चेहरा लाल, हाताला माती. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणालो, तो त्या बाईसाठी गप्प राहिला, नाही? सासऱ्यासाठी नाहीच. मिताली माझ्याकडे वळून बघत राहिली. मागून हॉर्न वाजला, तरी बघत राहिली.

मग म्हणाली, 'नोरीनने सांगितलं ना तुला?'

हो म्हणालो.