पावडीवरचा पाय

सोलापूर, कार्तिक, शके १८५३

तीर्थरूप आई,
हितनंच तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

मागावर काम लागलं. दोन वेळची भाकरी मिळती, काळजी करू नको. मंगळवेढ्यात जवारी कशी हाय? बजाआक्काचा खोकला थांबला का?

मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आन् पायानं पावडी दाबायची असती. आधीच्या इणकराच्या, मडिवाळप्पाच्या, पायानं ती फळी झिजून खोलगट झालीया. त्येचा अंगठा लई वाकडा. लाकडात तसाच ठसा हाय. माझा पाय सरळ, म्हणून घासून फोड आले. तू सांगायचीस तसंच केलं. फोडले न्हाईत, खोबरेल लावलं, धुतलेली चिंधी बांधली.

मालकीण सुंदरम्मा म्हणाल्या, "मडिवाळप्पानं फोड फोडले की. पाय पिकला, त्यातच गेला."

सकाळी बसतो तवा पावडी कोमट लागती, आत्ताच कुणी पाय काढल्यागत. खड्ड्यात ऊब असंल, दुसरं काय.

आता फोड जिरले. पाय त्या ठशात बरोबर बसतो. तू माप देऊन करून घेतलेल्या वहाणा मातुर पायात जात न्हाईत.

आई, माझा अंगठा ल्हानपणापास्नं वाकडाच होता न्हवं? व्हय, एवढंच लिव्हून धाड.

तुझाच लेक,
रामहरी