गच्चीवर सोडलेली मैना

शुक्रवार, १२ जुलै. करामा

रेहानचा ताप उतरला तर पिंजऱ्यातला एक जीव मोकळा करीन, अशी मन्नत मानली होती. आज फेडली. पक्ष्यांच्या दुकानातून सगळ्यांत देखणी मैना निवडली. दुधासारखी पांढरी, डोळ्यांभोवती निळीशार कातडी. गच्चीवर पिंजरा उघडला तर बाहेरच येईना. शेवटी मीच हात घालून काढली, वर म्हटलं, "यल्ला, जा घरी."

ती जेमतेम गच्चीवरच्याच समोरच्या एसीपर्यंत उडाली. तिथे कावळे बसलेलेच होते. मी ओरडले, चप्पल फेकली. दोन मिनिटांत खलास. उचलली तेव्हा डोळ्यांभोवतीचं निळं तेवढं तसंच होतं.

सनाने तिचा फोटो काढून फोनवर शोधला. "अम्मी, दे लिव्ह ओन्ली इन बाली. जंगलात हार्डली एनी लेफ्ट."

एवढ्याशा बेटाची ती, आणि मी तिला वाळवंटातल्या या करामाच्या उन्हात घरी पाठवत होते. दुकानदाराला विचारलं असतं तर? पण मी फक्त देखणी बघितली. ते निळं बघितलं.

जेवताना रेहान म्हणाला, "अम्मी, डिड शी रीच होम?"

मी हो म्हटलं. मन्नत फेडली त्याच दिवशी, मानली त्याच तोंडाने.