सपाट झाकणातलं मोठं भोक

८ जून, सोमवार
झाकण फुगलं! कारखान्यात नव्या पोलादी पेटीची चाचणी होती, चौकोनी पेटीत पाणी भरून दाब चढवत होते. ठरलेला दाब गाठायच्या आतच पुढचं सपाट झाकण पोट सुटल्यासारखं पुढे आलं, कोपऱ्यातलं वेल्डिंग उसवलं आणि पाणी थेट साहेबांच्या बुटांवर. पाणीच होतं, म्हणून कुणाला लागलं नाही. साहेब वेल्डरकाकांना म्हणाले, "हे काय शिवलंय तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले.

९ जून
माझं ड्रॉइंग काढून बसले. झाकणाची रुंदी मीटरभर. भोक आधी पंचेचाळीस सेंटिमीटरचं होतं, तेव्हा साधा नियम चालत होता — जितकं पोलाद कापलं तितकं भोकाभोवती जोडायचं. मग गिऱ्हाइकाने साठचं मागितलं. मी कॉम्प्युटरवरच्या हिशेबाच्या शीटमध्ये पंचेचाळीस पुसून साठ लिहिलं. उत्तराचा रकाना हिरवाच राहिला, म्हणजे 'ठीक आहे'; मी जेवायला गेले.

भोक अर्ध्या रुंदीच्या पुढे गेलं की तो नियम संपतो. उरते ती नुसती चौकट. ती दाबाखाली किती वाकेल, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यात पेटी चौकोनी. गोल झाकण सगळीकडून सारखं धरलेलं असतं, हे लांब बाजूच्या मधोमध वाकणारच. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी बघितलंच नाही. फार लाज वाटते.

१० जून
दोष वेल्डिंगचाच धरून, चौकशी होईपर्यंत वेल्डरकाकांना घरी बसवलं.

ड्रॉइंगवर 'तपासले' या शब्दापुढे बाबांची सही आहे — माझ्या सासऱ्यांची. निवृत्त झाले तरी आमच्या कारखान्याचे हिशेब तेच तपासतात. चारचौघांत सांगतात, "सूनबाईच्या आकड्यांत बोट ठेवायला जागा नसते." मी तोंड उघडलं तर त्यांचंही नाक कापलं जाणार. कारण बरं सापडलंय मला! वाचवतेय ते स्वतःचंच नाक.

११ जून
बाबांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "मीठ कमी पडलं का?" ते हात धुवायला उठले. बाबांना माझी चूक कळलीय. माझ्याकडे बघतही नाहीत.

१२ जून
वेल्डरकाकांना बोलावून नमुन्याचे तुकडे जोडून घेतले. वाकवून पाहिले, एकही तडकला नाही. तरी काका आपल्या हाताकडे बघत मला म्हणाले, "त्या दिवशीच थरथरला असेल. वय झालं, पोरी. साहेबांना सांगून टाकतो, आता पुरे." इतक्या वर्षांचा हात, आणि त्यांचाच त्याच्यावरचा विश्वास उडाला. माझ्यामुळे. मी म्हटलं, "चहा घ्या ना काका." शी! एवढंच सुचलं मला.

उद्या साहेब आले की सांगणार. घरी आधी बोलत नाही. बाबांचा चेहरा बघितला तर पाय निघायचा नाही.

१३ जून, शनिवार
लवकर पोचले. साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बाबा आधीच बसलेले — इस्त्रीचा शर्ट, मांडीवर माझं ड्रॉइंग. "मी तपासलंच नव्हतं," ते खाली बघत म्हणाले. "तुझं नाव बघितलं नि सही केली." मग जरा सरकले आणि मला जागा करून दिली.