आठ पेशींवर थांबायचं की नाही

सोम. ८ डिसें.
वसईच्या दवाखान्यातून दुपारी परत बोईसरला. सात स्त्रीबीजं मिळाली. गेल्या खेपेला चारच. गाडीत नितीन म्हणाला, "मीनल, ही शेवटची खेप. तुझे हाल बघवत नाहीत." मी हो म्हटलं. मनातून नाही.

मंगळ. ९
लॅबचा फोन. सातांतली पाच फलित झाली. सासूबाईंना काहीच सांगितलेलं नाही. पित्त समजून आमसुलाचं सार करून देताहेत.

गुरु. ११
शाळेत गेले. अकरावीला नेमकं पेशीविभाजन. एकीने विचारलं, मॅडम, मधेच थांबलं तर? पुस्तकातलं उत्तर दिलं.
मधल्या सुट्टीत डॉ.चा फोन. तीन गर्भ चार पेशींवरच थांबले. दोन आठ-आठ पेशींचे. आज गर्भाशयात ठेवायचे, की पाचव्या दिवसापर्यंत वाट पाहायची? वाट पाहिली तर धडधाकट कोणता ते कळतं, पण दोन्ही लॅबमध्येच थांबू शकतात. तासाभरात सांगा म्हणाल्या. नितीनला सात वेळा लावला. कंपनीत मोबाइल गेटवर जमा. निरोप ठेवला, पोचला नाही. शेवटी मीच सांगितलं, थांबू या.
संध्याकाळी ऐकून त्याने डबा सिंकमध्ये ठेवला. मग, "मी आजच ठेवा म्हटलं असतं." एवढंच. अर्धी पोळी खाल्ली.

शुक्र. १२
बोलणं नाही. शाळेत फक्त सुमनमावशींना माहीत, एडवणच्या, आमच्या शिपाई. तासाची घंटा देऊन आल्या, खुर्ची पुढे सरकवली. "बसून शिकवा मॅडम. कोन काय बोलनार नाय." बसले. फळ्याकडे पाठ, समोर वर्ग, डोळे पुसता येईनात.

शनि. १३
एकच उरला. शंभराच्या आसपास पेशी. स्क्रीनवर गोल, एका कडेला दाट. ठेवला. दुसऱ्याचं विचारलं. डॉ. म्हणाल्या, गुरुवारी ठेवला असता तरी बहुधा थांबलाच असता. बहुधा. नितीनला तसंच सांगितलं. त्याने मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही.

सोम. २२
सकाळी डाग. थोडासाच, तपकिरी. डॉ.ना फोन. यावरून काहीच सांगता येत नाही. गर्भ रुजला का ते पाहायला परवा रक्त तपासायला द्यायचं.
नितीनने रजा टाकली. सासूबाईंना त्यानेच सगळं सांगितलं. त्या आत आल्या, माझ्या पायांशी बसून राहिल्या. त्या गेल्यावर नितीन म्हणाला, "परवा काहीही आलं तरी तो गुरुवार तुझ्या एकटीचा नाही." मी सरकून त्याला जागा केली.