खात्रीचं बी

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझा गुडघा.

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलीस आणि आता म्हणतोस, वेळ जात नाही! मागच्या अंगणातल्या फरश्या उचलून माती मोकळी केलीस हे मात्र झकास केलंस. मी तुझं पत्र वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन का करत नाही? आता त्यांना काय सांगू. फोनवर समोरचं माणूस मला पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतं. तुझी लेक मागे म्हणाली, "आत्या, मी पास झाले," तर मला 'त्रास झाला' ऐकू आलं आणि मी म्हटलं, "अगं, मग डॉक्टरला दाखव." तेव्हापासून आपला कागदच बरा.

बिया पाठवतेय. पाकिटं नेहमीचीच, मापाच्या जुन्या कागदांची, मशीनवर कडा शिवलेली. टोमॅटोला पाणी रोज सकाळी, मुळाशी, आणि मोजकंच. एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं केलंस तर फळाचं बूड काळं पडतं. बुडाशी वाळका पाला जाड अंथर. दुपारचं ऊन चढलं की वरून जुनी चादर बांध. वहिनीला विचारून घे, नाहीतर चांगली चादर बांधशील आणि शिव्या मला. झिनियाला लाड नकोत. जितकी फुलं तोडशील तितकी येतील.

दुधीच्या पाकिटात सात बिया आहेत. गेल्या वर्षी माझ्या कुंपणावर सगळ्यात मोठा वेल होता ना, त्याच्या. वेल तसा चांगला. बी दिवसभर कोमट पाण्यात भिजव, मग लाव. दोन वेल ठेव, बाकीचे काढून टाक. काढताना जीव खाली-वर करू नकोस.

प्रत्येक पाकिटावर लाल पेन्सिलीने 'खात्रीचं' लिहिलंय. हसू नकोस. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, नीट बसेल ना?" आणि मी म्हणायचे, "खात्रीचं माप आहे." त्यावरून तूच मला खात्रीबाई म्हणायला लागलास. आता या गल्लीत अकरा घरं माझं बी लावतात ती त्या शब्दावरच.

वहिनीला आशीर्वाद. ती मला लिहीत नाही, पण वाचते हे मला माहीत आहे.

तुझी,
खात्रीबाई


२३ मे

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून इतकी हसले की मशीनवरचं कापड वाकडं गेलं. (हो, अजून शिवते. थोडंथोडं. गुडघ्याच्या ऑपरेशनला पंधरवडाही झाला नाही, डॉक्टरला सांगू नकोस.)

अरे वेड्या, दुधीची फुलं गळतायत म्हणून घाबरायचं नाही. आधी नुसते नर येतात. मिरवतात, दोन दिवसांनी गळून पडतात. पुरुषांची जातच ती. मादी मागून येते, सावकाश, आणि फुलाच्या मागे इवलासा दुधी घेऊनच येते. ती दिसली की संध्याकाळी जा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. नराचं फूल तोड, पाकळ्या मागे सार आणि मादीच्या फुलात हलकेच फिरव. घड्याळातले स्क्रू बसवणाऱ्या माणसाला हे काय कठीण?

टोमॅटोची पानं वळतायत ती उन्हाने, रोगाने नव्हे. भेंडीवर मुंग्या म्हणजे मावा आलाय, साबणाच्या पाण्याने पुसून काढ.

ब्लडप्रेशरसाठी रोज सकाळी दुधीचा रस पितोस म्हणून लिहिलंस. बाजारचा आणतोस आणि आता घरच्याची वाट बघतोयस. पी. पण डॉक्टरला विचारलंस का? नव्या गोळ्यांनी तोंड सारखं कडू असतं म्हणतोस, ते तर नक्की सांग. गोळ्या बदलून देतील.

आणखी एक. दुधी कापला की देठाकडची चकती आधी जिभेला लावून बघत जा. विशेष काही नाही, मी सगळ्यांनाच सांगते. यंदा ऊन फार आहे.

माझी झिनिया यंदा कमरेएवढी झाली. मास्तरीणबाई रोज दोन फुलं तोडून नेतात आणि "एकच घेतलं हो" म्हणतात. शिक्षिका असून गणित कच्चं.

तुझी,
खात्रीबाई


९ जून

धाकट्या,

तुझ्या लेकीची चिठ्ठी आज दुपारी आली. चार ओळी. तू दवाखान्यात आहेस, पाच तारखेपासून. सकाळी घरच्या दुधीचा पहिला रस प्यायलास आणि तासाभरात उलट्या, उलटीत रक्त. ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं की डॉक्टरांनी रात्र काढू दे म्हणून सांगितलं. शेवटी लिहिलंय, "आत्या, काळजी करू नकोस." आता मी काय करू तर!

मास्तरीणबाईंना फोन लावायला सांगितला. त्या बोलतायत, मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय. त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं: शुद्धीवर आहेत, बोलतात, सलाईन चालू आहे. मी म्हटलं, वहिनीशी बोला. त्यांनी विचारलं आणि पाटी पुसून टाकली. मग नकाराची मान हलवली.

यायचं म्हटलं तर गुडघ्याच्या ऑपरेशनला महिना झाला नाही. दारातल्या पायऱ्या उतरताना मला दोन माणसं धरतात. तुझ्यापाशी येऊन तरी काय करणार होते? उशाशी बसले असते. ते तरी केलं असतं रे.

पाणी कमी पडलं असेल का? उन्हात वेल तडफडला की फळात कडवटपणा उतरतो. फळ जून असेल. सुरी कशाची वापरली होतीत? गोळ्या आणि रस एकत्र घेतलास का?

मी काय लिहितेय मलाच कळत नाही. तू बरा हो. तो वेल मात्र उपटून टाकायला सांग. दोन्ही वेल.

ताई


१ जुलै

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू घरी आलास. तुझ्या हातचं चार ओळींचं पत्र मिळालं. अक्षर इतकं हललंय की पत्ता वाचून पोस्टमनने तुमचंच आहे ना विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाचंच.

पत्र मी उशीखाली ठेवलंय. काय लिहिलंयस? "ताई, वेल उपटायचं काय कारण? तुझं बी कधी खोटं निघालंय का? चूक माझी, फळ जून झालं होतं. दुसऱ्या वेलाला दोन छान धरलेत."

तुझ्या लेकीचं मोठं पत्र त्याच टपालाने आलं. त्यात त्या सकाळचं सगळं लिहिलंय. तू लिहिणार नाहीस म्हणून तिने लिहिलं असावं. वहिनीने घोटभर घेतला आणि थुंकला. म्हणाली, "विषासारखा कडू आहे, फेका." तू म्हणालास, "माझं तोंड तर गोळ्यांनी कडूच आहे. आणि तुझं ताईचं नाव निघालं की होतंच." पाकीट काढून तिला दाखवलंस. "हे बघ, खात्रीचं लिहिलंय." आणि उभ्याउभ्या सगळा ग्लास प्यायलास.



लेक लिहिते, तू अंथरुणावरून रोज खिडकीतून वेल बघतोस. वहिनी कात्री घेऊन गेली तर ओरडलास. डॉक्टरने तुला चिडू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, म्हणून ती परत आली. म्हणालास, "वेल काढला तर ताईला काय वाटेल?" आणि बरं वाटलं की दुसऱ्या वेलाचा रस घेणार आहेस, ताईचं नाव राखायला.

म्हणून आता सांगते. आधीच सांगायला हवं होतं. मार्चमध्ये सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्या मोठ्या वेलाचा शेवटचा दुधी कडू निघाला. थोडा नव्हे. चकती जिभेला लावली आणि मी नळाकडे धावले. संध्याकाळपर्यंत जीभ बधिर होती. तो दुधी मी खड्ड्यात पुरला, कुणाला बोलले नाही. कुंपणापलीकडे त्या वर्षी एक रानटी वेल उगवला होता, तो मी पाहिला होता. फुलाफुलांवर बसणाऱ्या माश्या कुंपण मानत नाहीत हे मला कळत नव्हतं असं नाही. अशा वेलाचं बी धरायचं नसतं. ज्या माळ्याने मला बागकाम शिकवलं त्याने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

पण त्या वेलावर एक दुधी बियांसाठी राखला होता. हाताएवढा लांब, मांडीइतका भरलेला. सगळी गल्ली बघून जायची. मास्तरीणबाईंनी त्याच्यासोबत माझा फोटो काढला. तो फोडला तेव्हा बी कसलं टपोरं होतं! फेकवेना रे. मनाशी म्हटलं, एकच तर कडू निघाला, उन्हाने झाला असेल. आणि लाल पेन्सिल उचलली. तुझ्या पाकिटावर लिहिताना हात थांबला होता. म्हणून तर लिहिलं, "वेल तसा चांगला." ते 'तसा' तुला दिसलं नाही. मी दिसू दिलं नाही. मेमध्ये चकती चाखायला सांगितली तीही अशी की तू विचारू नयेस, का.

एक ओळ लिहिली असती, "एक फळ कडू निघालं होतं," तर तू हसला असतास आणि बाजारातून बी आणलं असतंस. एवढंच झालं असतं. माझं नाक थोडं कापलं गेलं असतं. ते वाचवायला मी तुला दवाखान्यात पाठवलं.

गेल्या आठवड्यात काठी घेऊन अकरा घरं हिंडले. म्हटलं, तो वेल काढा, बी खोटं आहे. धाकट्या, कुणी ऐकत नाही! कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, "ताई, तुमचं बी म्हणजे सोनं, आमचा तर गोड निघाला." समोरची बाई मला खुर्ची देऊन पाणी देते आणि सुनेला सांगते, भाऊ आजारी आहे, मनावर परिणाम झालाय. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं. एवढं जवळून मला ऐकू येतं. शेवटी एकाने विचारलं, "कडू आहे याची खात्री आहे का?" मी तोंड उघडलं आणि मला तो शब्द उच्चारता येईना. तीस वर्षं लोकांना विश्वास ठेवायला शिकवलं, आता तोच काढून घेता येत नाही. एकाच घरात वेल उपटला, तोही मास्तरीणबाईंनी, आणि तोही मी रडले म्हणून.

माझा वेल मी काढला. मुळं खोल गेली होती. बसून खणायला दोन तास लागले आणि उठवायला दोन माणसं.

तुझा मला काढता येत नाही. तुझ्या अंगणात माझे हात पोचत नाहीत, मास्तरीणबाईंकरवी फोनवर सांगितलं तर ताई घाबरून बोलतेय म्हणशील. माझ्याकडे हा कागद आहे, आणि तूही माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून बसलायस. म्हणून हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचायला सांग. ती वाचेल. तिची जीभ खरी होती, माझी पेन्सिल खोटी. तिला सांग, ताईने असं लिहून दिलंय. तिने क्षमा करावी असं मी म्हणत नाही. कात्री घेऊन जाऊ दे तिला, ओरडू नकोस. मुळासकट काढा, फळं कुणाला देऊ नका, गुरांनाही नको. हात धुवा.

मला वाईट वाटेल म्हणतोस? वाटू दे. माझं नाव राखायला आणखी एक घोट घेतलास तर मी कुणाच्या नावाने जगू?

ते पाकीट अजून असेल तर परत पाठव. काय करायचंय ते मला माहीत नाही, पण तुझ्या घरात नको.

वेल काढला हे मला वहिनीच्या अक्षरात येऊ दे. एक ओळ पुरे. तुझ्या अक्षरात नको. मला बरं वाटावं म्हणून तू खोटंही लिहिशील, आणि ती ओढ आपल्या दोघांच्याही रक्तात आहे हे आता मला कळलंय.

टोमॅटोला पाणी सकाळीच घाला.

खोटी निघालेली,
तुझी ताई