दत्ताच्या खिडक्या

प्रिय दत्ता,

उद्या सकाळी इन्व्हर्टरवाला येतोय, म्हणून आज लिहायला बसलो. बॅटरी फुगलीय. "काका, ही कधी बी फुटंल," तो बघून म्हणाला. ती बदलायची तर तुझा कॉम्प्युटर बंद करावाच लागणार, आणि तू गेल्यापासून तो एकदाही बंद झालेला नाही. मांजरसुंब्याहून जीपनं येताना तुझ्या छातीत दुखलं ते शेवटचंच. इथं केजला, माझ्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, तू पडद्यावर मांडलेल्या खिडक्या तशाच राहिल्या.

लोक विचारतात, मेहुणा नेमकं काय करायचा? मी सांगतो, लिहायच्या प्रोग्रॅममध्ये माणूस चार खिडक्या शेजारी शेजारी मांडून बसतो. एकीत मजकूर, एकीत शब्दकोश. चुकून एक बटण लागलं की सगळी मांडणी विसकटते. आमच्या दत्तानं अशी सोय केली की बटण दाबलं की आधीची मांडणी परत. पुन्हा दाबलं की तिच्याही आधीची. कुठले कुठले लोक वापरतात, फुकट. "फुकट कावून?" असं विचारतात. काय सांगू? मला तरी तू कधी सांगितलंस?

मॅन्युअल मात्र छापलेलंच पाहिजे, हा तुझा हट्ट. "पडदा विसकटल्यावर मदत पडद्यातच हुडकायची का बे?" सख्ख्या दाजीला बे म्हणालास. तुझी अक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

माझे कान तिखट, तुला माहीत आहे. तू मागच्या मांडण्या बघायला लागलास की बटणांची दोनदा टकटक, मग थोडं थांबणं. बाहेर कागद कापताना मी ते ओळखायचो. तू गेल्यावर एखाद्या दुपारी त्या कॉम्प्युटरचा पंखा आपोआप जोरात फिरतो. दर वेळी मी उठून दारापर्यंत जातो. कशाला जातो, सांगशील?

परवा जेवणानंतर तो आवाज आला. टकटक. थांबणं. टकटक. हातातला कागद हातातच राहिला. आत गेलो, तर तुझ्या खुर्चीत अक्का. मांडीवर तुझं मॅन्युअल उघडं, एक बोट ओळीवर, दुसरा हात बटणांवर.

"डावीकडं बारकी, उजवीकडं मोठी. असंच मांडून बसायचा," माझ्याकडं न बघता म्हणाली.

खिडक्या एकेक करून तू मांडलेल्या जागी येत होत्या. आत मजकूर मात्र तुझ्या शेवटच्या दिवशीचाच. मांडणी तेवढी परत येते, लिहिलेलं येत नाही. हे तू पहिल्याच पानावर ठळक छापायला लावलं होतंस. मीच छापलं. तरी मी काय बघायला तिथं उभा होतो रे?

तुझ्यामागं ज्या नाशिकच्या बाई हे काम बघतात, त्यांनी नवी सोय लिहून पाठवलीय. कॉम्प्युटर बंद केला तरी मागच्या मांडण्या जपून राहतात. चालू कॉम्प्युटरमध्येही घालता येते. तू असल्या सोयीला कायम नाही म्हणायचास. "माणसानं सकाळी कोऱ्या पडद्याम्होरं बसावं, दाजी."

मी अक्काला म्हणालो, "हे घातलं तर बंद केल्यावरही सगळं राहील. घालू का?"

ती बटण दाबत मागं मागं जात राहिली. शेवटी पडद्याच्या तळाला ओळ आली: 'याच्या मागं काय बी न्हाई.' तूच लिहिलेली. ती शुद्ध कर म्हणून मी किती डोकं खाल्लं होतं तुझं.

अक्का त्या ओळीकडं बघत बसली. मग म्हणाली, "त्याला नको होतं ना? मग नको." आणि उठता उठता, "बंद मी करणार. तुमी हात लावू नका."

तर दत्ता, बाईंना मी कळवलंय, नव्या आवृत्तीत त्यांची सोय असेल, पण बंद ठेवलेली. ज्याला हवी, त्यानं आपल्या हातानं चालू करावी. तळाच्या त्या ओळीला मी कुणाला हात लावू देणार नाही. आणि उद्या अक्का एकटी आत जाईल. ती स्वतःहून दार उघडेपर्यंत मी बाहेरच थांबेन. हा माझा शब्द.

तुझा,
दाजी