पहिलटकरीण, वय एकेचाळीस

जबलपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. अक्षर ओळखलं असशील. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायच्या आधी एकदा वाच.

इकडे थंडी पडून राहिली आहे. गौतमची बँकेतली बदली यंदाही टळली. दिवाळी झाली आणि नेपियर टाउनचा माझा इंग्रजीचा क्लास पुन्हा सुरू झाला. पहिल्याच सोमवारी वयाचे शब्द घेतले. टॉडलर, टीनेजर, मिडल-एज्ड. खुर्ची ओल्ड, किल्ला एन्शंट, आजीची नथ अँटीक. पण माणसाला तोंडावर ओल्ड म्हणायचं नाही, एल्डरली म्हणायचं, त्यात मान राहतो.

शहपुऱ्याहून बसने एक नर्मदाबाई येतात, पन्नाशीच्या. नातवाच्या शाळेत चार वाक्यं बोलता यावीत म्हणून शिकतात. त्यांनी विचारलं, "मैडम, ये एल्डरली कब से लगता है?"

"साठ के बाद," मी ऐटीत सांगितलं.

बुधवारी तोच शब्द दवाखान्यात माझ्या कागदावर आला. एल्डरली प्रायमी. वय एकेचाळीस.

ताई, मला दिवस गेलेत. पाचवा महिना लागलाय. प्रायमी म्हणजे पहिलटकरीण, हे मला नर्सनेच सांगितलं. मी विचारलं, "सिस्टर, एल्डरली काहे लिखा?" ती हसली. "पैंतीस के ऊपर सबको लिखते हैं, दीदी. घबराओ मत."

पण मी घाबरलेच. ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. दिवस गेल्याचं गौतमशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. आणि शुक्रवारी, क्लास चालू असताना, मला रक्त दिसलं. नर्मदाबाईंनी आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली, ऑटो थांबवला आणि दवाखान्यापर्यंत माझा हात धरून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन ठेवलं आणि बोलायच्याच थांबल्या. मशीन इकडून तिकडे फिरवत होत्या. मी विचारलं, "क्या हुआ?" त्या म्हणाल्या, "एक मिनट." ते मिनिट संपेचना.

तेव्हा ना गौतम आठवला, ना देव. तू आठवलीस. नऊ वर्षांपूर्वीची, दवाखान्यात पडद्याआड त्या पलंगावर, सातवा महिना, आणि बाळ गेलेलं. तूही तेव्हा चाळीसचीच होतीस.

पडद्याच्या अलीकडे मी फोनवर एका मैत्रिणीशी बोलत होते. तू सगळ्यांना सांगितलंस की ऋचा म्हणाली, "शी इज टू ओल्ड. या वयात कशाला हवं होतं हे?" मी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी असं बोललेच नाही. आई म्हणाली, वसुधा धक्क्यात आहे, भलतंच ऐकते. सगळ्यांनी तेच धरलं. आई जातानाही तेच मानून गेली.

तू बरोबर ऐकलं होतंस, ताई. शब्दन्‌शब्द. मी बोलले होते.

"है. धड़कन है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी इतकी रडले की त्यांना मशीन बाजूला ठेवावं लागलं. आता अंथरुणातच पडून राहायचं आहे. पुढचं विचारलं की त्या म्हणतात, "अभी कुछ कह नहीं सकते." कूस बदलतानाही मी श्वास धरते. बाथरूमला जायची भीती वाटते. एकवीस तारखेला पुन्हा तपासणी आहे.

गौतमला काल ते नऊ वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं, शपथेसकट. त्याने पेन आणून दिलं.

हे आजच लिहून राहिले, कारण अजून काहीच ठरलेलं नाही. वाईट झालं तर तुला वाटेल, स्वतःवर वेळ आली तेव्हा कबूल केलं. चांगलं झालं तर, मी मला ओळखते, सुखात विसरून जाईन.

तू ये असं म्हणत नाही. भाऊजींना मात्र हे पत्र वाचायला दे. त्यांनीही तेव्हा तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

ते वाक्य जी बोलली, ती तुझी धाकटी बहीण,
ऋचा